अलीकडचं सगळ्यांचं

आधीच सांगून ठेवतो, मी मैलाचा दगड नव्हे. तुमच्याशी बोलतोय तो हद्दीचा दगड आहे, महामार्गाच्या वळणावर उभा असलेला. मैलाच्या दगडाचं लोकांना फार कौतुक. कोणाला बढती मिळाली, कुठे पूल झाला, की लगेच म्हणतात, हा मैलाचा दगड ठरला. माझी आठवण होते ती फक्त वैतागल्यावर. ‘हद्द झाली बुवा,’ म्हणतात आणि कपाळाला हात लावतात. त्यात माझा काय दोष, ते मला अजून कळलेलं नाही.

असो. मैलाच्या दगडाशी माझं वैर नाही. गाव किती लांब आहे हे तो सांगतो आणि रस्ता कुठे संपतो हे मी सांगतो. आता गावाचं अंतर कोणी सांगितलं नाही तरी गाव काही पळून जात नाही. पण रस्ता कुठे संपतो हे सांगणारा कोणी नसला, तर रस्ता दर वर्षी थोडा थोडा रोडावतो. एक जण कुंपण हातभर पुढे घेतो, दुसरा पायरी बांधतो, तिसरा विटांचा ढीग टाकतो आणि विसरून जातो. माझ्यासारखे उभे आहेत म्हणून दोन गाड्या समोरासमोर येऊनही आपापल्या वाटेनं जातात. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, थोडी बढाईही आहे.

माझा जन्म खाणीतला. एका पाथरवटानं मला चारी बाजूंनी तासलं, डोक्यावर थोडी गोलाई दिली आणि कपाळावर रस्ते खात्याची खूण कोरली. माझ्याबरोबर फुटलेले काही सोबती बँकेच्या पायऱ्या झाले, एक तर म्हणे कचेरीच्या दारात बसला. मला मालमोटारीत घालून रानात आणलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. पण तिथे मुकादम भेटला आणि माझं मत बदललं.

मुकादम म्हणजे रस्त्याच्या टोळीवरचा प्रमुख. अंगानं किरकोळ, आवाज मात्र पलीकडच्या टेकडीपर्यंत जाणारा. त्यानं मला खड्ड्यात उतरवलं, ओळंबा लावला, मान हलवली आणि म्हणाला, “काढा वर. कलतोय.” मला काढलं, पुन्हा बसवलं. पुन्हा त्यानं मान हलवली.

टोळीतला एक जण कुरकुरला, “मुकादम, दगडच तो. कोण बघणार आहे रानात?”

“वळणावरचा आहे,” मुकादम म्हणाला. “सरळ रस्त्याला दोन दगडांत दोरी ताणली की हद्द कळते. वळणावर दोरी वाकत नाही. इथे दगडच लागतो.”

त्या दिवसापासून मी ताठ उभा आहे. बँकेच्या पायऱ्यांवरून रोज शेकडो लोक जात असतील, जाऊ देत. त्यांच्या जागी दुसरी पायरी बसवता येते. माझ्या जागी दोरीही चालत नाही.

आणखी एक गोष्ट मला तेव्हाच कळली. सरळ रस्त्याला खात्याची जमीन असते तेवढी असते, पण वळणावर हद्द मुद्दाम आत, जरा जास्तच आत घेतात. वळणाच्या पोटात झाड नको, भिंत नको, काही नको; समोरून येणारं दिसलं पाहिजे. ती मोकळी जागा बघून लोकांना वाटतं, वाया चालली आहे. ती वाया नाही. तिच्यातून नजर जाते.

मुकादमाची लेक दुपारी त्याचा डबा घेऊन यायची. परकरातली, दोन वेण्यांची, प्रश्न विचारण्यात पटाईत. बाप जेवेपर्यंत ती माझ्या डोक्यावर बसायची आणि टाचा माझ्या अंगावर आपटायची. एकदा तिनं विचारलं, “बाबा, हा दगड कशाला?”

मुकादमानं घास गिळला. “ह्याच्या अलीकडचं सगळ्यांचं. पलीकडचं ज्याचं त्याचं.”

“सगळ्यांचं म्हणजे आपलं पण?”

“आपलं पण. आपल्या एकट्याचं नाही.”

मग तिनं बापाचा हातोडा उचलला आणि तो किती जड आहे ते बघण्यासाठी माझ्या डोक्यावर आपटला. माझ्या डाव्या कोपऱ्याचा टवका उडाला. पोर घाबरली. मुकादमानं उठून माझ्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि हसला. “चला, आता हरवला तरी ओळखू येईल.”

तिचा भाऊ तेव्हा पाळण्यात होता.

पुढची वर्षं मजेत गेली. दर वर्षी टोळी यायची आणि मला चुना लावून पांढराशुभ्र करायची. वाटसरू माझ्यावर बसून चपलेतला खडा काढायचे. नवराबायको गाडी थांबवून माझ्यासमोर भांडायचे आणि भांडण मिटलं की एकमेकांना पाणी द्यायचे. काही जण आडोसा म्हणून माझ्याकडे यायचे, त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. मी उभा होतो, मला जागा माहीत होती, आणि मला विचारल्याशिवाय ह्या वळणावर कोणी काठीसुद्धा रोवत नव्हतं.

मग रस्त्याकडेची गटारं खणली. खणणाऱ्यांनी सगळी माती माझ्या अंगावर लोटली आणि निघून गेले. मुकादम तोवर निवृत्त झाला होता आणि पुढच्याच वर्षी गेला. मातीवर गवत उगवलं, गवतावर वेल चढला. एका बाजूनं बोटभर फट राहिली होती, तेवढ्यातून मला वळण दिसायचं. मी खाली गाडला गेलो तरी माझ्या जागेवरून हललो नाही, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचाच उपयोग झाला.

माझ्या मागच्या जमिनीवर एका मावशीनं रोपवाटिका काढली. कुंड्या, कलमं, वेलींचे मांडव. बाई हौशी. बाहेरून नीटनेटकं दिसावं म्हणून तिनं ओढ्यातले गोटे आणले आणि रस्त्याच्या बाजूला, माझ्या बऱ्याच पुढे, ओळीनं मांडले. आता योगायोग बघा. मुकादमाचा तो पाळण्यातला मुलगा मोठा होऊन रस्ते खात्यात निरीक्षक झाला होता आणि नुकताच ह्या रस्त्यावर आला होता. टोळीचा चुना उरला, तर ह्यानं चांगुलपणानं अर्धी बादली मावशीला देऊन टाकली. मावशीनं गोटे पांढरे केले. पुढच्या वर्षी टोळीत नवी माणसं होती. त्यांनी पांढरे दगड बघितले, हेच आपले समजले आणि न सांगता पुन्हा चुना लावला. त्याच्या पुढच्या वर्षीही. मी मातीखाली बसून बघत होतो. माझ्या नावाचा चुना त्या गोलमटोल गोट्यांच्या डोक्यावर. माझा काय संताप झाला असेल, विचार करा.

ह्या निरीक्षकाला लोक फूटपट्टी म्हणत. काहीही मोजल्याशिवाय त्याचा विश्वास बसत नसे. बायकोनं भाजी किती शिजवू विचारलं तर हा भांडं बघायला उठायचा, असं टोळीतली माणसं सांगत. आणि त्याची ताई, म्हणजे माझा टवका उडवणारी ती, गाडी चालवायला शिकवत होती. तिच्या गाडीला दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, एक तिच्या. अर्ध्या गावानं तिच्या शेजारी बसून चाक धरलं होतं आणि सगळ्या गावानं तिचा आवाज ऐकला होता. तिला ब्रेकताई म्हणत. घरी खुर्चीवर बसून कोणाशी बोलतानासुद्धा तिचा उजवा पाय मध्येच जमीन दाबायचा.

नगरसभेची निवडणूक लागली आणि ब्रेकताई उभी राहिली. शाळेसमोर पदपथ हवेत, चौकात दिवे हवेत, एवढंच तिचं म्हणणं होतं. समोर उभा होता दातांचा डॉक्टर. माणूस तसा वाईट नव्हता, पण त्याच्या फलकावर चेहरा कमी आणि दात जास्त.

निवडणूक आली की रस्त्याच्या कडेला फलक उगवतात आणि फलक आले की नियम येतात. माझ्या अलीकडे, म्हणजे रस्त्याच्या जमिनीत, एकही प्रचारफलक नको. माझ्या पलीकडे खुशाल लावा, पण जमीन ज्याची आहे त्याला विचारून. झाडाला खिळा नको, दिव्याच्या खांबाला तार नको. रहदारीच्या खुणांची नक्कल नको. मतदान झालं की ज्याचे त्यानं काढून न्यायचे. नियम एवढे सोपे आहेत की लहान मूलही पाळेल. अडचण अशी की निवडणुकीला लहान मुलं उभी राहत नाहीत.

डॉक्टरच्या मेव्हण्यानं तर कमाल केली. लाल, आठ कोनी फलक, वर मोठ्या अक्षरात ‘थांबा’ आणि खाली बारीक अक्षरात ‘आणि विचार करा, मत कोणाला’. बारीक अक्षर वाचायला कोणाला वेळ? एक मालमोटार भर रस्त्यात थांबली. तिच्या मागे बस थांबली, बसच्या मागे दुधाची गाडी. चालक खाली उतरून विचारू लागला, पुढे काय झालंय. फूटपट्टी आला, फलक उपटला, गाडीत घातला आणि म्हणाला, “डॉक्टर, लोकांना दातासाठी थांबवा, रस्त्यात नको.” लोक हसले. डॉक्टर हसला नाही, आणि हसण्याचं वेड असलेल्या माणसाला ते फार लागलं.

ब्रेकताईच्या फलकांचं काम तिच्या दिराकडे होतं. उत्साही माणूस, हातात हातोडा आला की बघायला नको. त्यानं मावशीची परवानगी घेतली, पांढरे गोटे बघितले, त्यांच्या मागे अगदी चिकटून एका ओळीत फलक उभे केले. प्रत्येकावर ब्रेकताईचा हसरा चेहरा, हातात गाडीचं चाक आणि खाली लिहिलेलं, ‘नजर रस्त्यावर’. वळणावर प्रत्येक गाडी हळू होते, प्रत्येक जण वाचतो. तिचा सगळा प्रचार त्या एका वळणावर उभा होता. दीर म्हणाला, “वहिनी, ही जागा म्हणजे निम्मी निवडणूक.” खोटं नव्हतं ते. फक्त ते फलक माझ्या अलीकडे होते, वळणाच्या पोटात, जिथून नजर जाते तिथे.

मी मातीखालून किती ओरडलो, पण आमचं ओरडणं कोणाला ऐकू जातं?

मावशीला ह्या वयात गाडी शिकायची हौस आली होती. रोपं स्वतः पोचवायची होती तिला. एका सकाळी ती ब्रेकताईला शेजारी घेऊन आपल्या गल्लीतून मोठ्या रस्त्याला येत होती. हळू आली, थांबली, मान वळवून बघितलं आणि गाडी पुढे काढली. त्याच क्षणी वळणावरून मालमोटार आली. ब्रेकताईचा पाय पडला. गाडी जागच्या जागी दचकून बंद पडली आणि मालमोटार भोंगा वाजवत नाकासमोरून निघून गेली.

“डोळे कुठे होते तुमचे, मावशी?” ब्रेकताई ओरडली.

“अगं, बघितलं मी. नीट बघितलं. पण तिकडे मला तूच दिसलीस.”

ब्रेकताईनं वर बघितलं. काचेसमोर तिचाच चेहरा हसत होता, एकामागे एक, वळण संपेपर्यंत. मग म्हणाली, “पुढे मान काढून बघायचं असतं. किती वेळा सांगितलं.” इतकं तुटक ती कोणाशी बोलत नसे. मावशीचा चेहरा उतरला. ती दुसऱ्या दिवशी शिकायला आली नाही आणि तिसऱ्या दिवशीही नाही.

तोवर डॉक्टरनं खात्याकडे तक्रार केली होती. त्याचं म्हणणं, निरीक्षक माझे फलक मोजून मोजून उपटतो आणि बहिणीचे वळणावर झोकात उभे आहेत. खात्यातून फूटपट्टीला निरोप आला, आज संध्याकाळच्या आत हद्द दाखव, नाहीतर हा रस्ता तुझ्याकडून काढून घेऊ आणि चौकशी लावू.

दुपारी सगळे वळणावर जमले. फूटपट्टी आणि त्याची टोळी, डॉक्टर, दीर, दारात उभी मावशी. ब्रेकताईही आली आणि गवतात एका बाजूला उभी राहिली.

दीर म्हणाला, “हे काय, पांढरे दगड दिसतायत ना? तुमच्याच टोळीनं रंगवलेत.”

टोळीतल्या माणसानं मान डोलावली. “दर वर्षी रंगवतो साहेब.”

फूटपट्टीनं खाली वाकून एक गोटा हातानं हलवला. तो डुगडुगला. “हे आपले दगड नाहीत. आपले तासलेले असतात, जमिनीत खोल असतात. हे ओढ्यातले गोटे आहेत. आणि ह्यांना पहिला चुना मीच दिला.” हे तो सगळ्यांसमोर म्हणाला, कान लाल झाले तरी म्हणाला.

“मग खरा दगड दाखवा,” डॉक्टर म्हणाला.

“नकाशात वळणावर एक दगड आहे. इथेच कुठेतरी असणार.”

त्यांनी खणायला सुरुवात केली. इथे खण, तिथे खण. पहार कधी मातीत जायची, कधी मुळात अडकायची. जवळ यायचे आणि पुन्हा लांब जायचे. माझा जीव टांगणीला लागला. उन्हं उतरायला लागली तशी टोळी थकली.

दीर हळूच म्हणाला, “दगड नाही सापडला, तर फलकांचं काय?”

फूटपट्टीनं कपाळ पुसलं. “हद्द ठरल्याशिवाय कोणाच्या फलकाला हात लावायचा नाही, हा नियम आहे. राहतील.”

“आणि मी लिहून देईन,” डॉक्टर म्हणाला, “की सगळ्या रस्त्याचे दगड ह्यांना सापडतात, बहिणीच्या वळणावरचा तेवढा सापडत नाही. मुकादमाचं पोरगं म्हणून आम्ही विश्वास ठेवत होतो.”

बापाचं नाव निघालं तशी फूटपट्टीनं पहार पुन्हा उचलली आणि भलत्याच जागी मारली.

आता मला जे माहीत होतं ते तुम्हाला सांगतो. ब्रेकताई उभी होती ती माझ्यावर. वेल, गवत आणि माती ह्यांच्यावरून तिचा उजवा पाय माझ्या डोक्यावर होता. ती आल्यापासून तिथून हलली नव्हती. आधी मला वाटलं, योगायोग. पण तिच्या टाचेनं माझा टवका उडालेला कोपरा चाचपला, एकदा, पुन्हा एकदा. तिला माहीत होतं. लहानपणी ज्याच्यावर बसून टाचा आपटल्या त्याची जागा पाय विसरत नाहीत. त्या माळावर मला ओळखणारं ते एकच माणूस उरलं होतं, आणि मी सापडलो तर सगळ्यात जास्त नुकसान होणार होतं ते त्याच माणसाचं.

तिनं काहीच केलं नसतं तरी चाललं असतं. खोटंही बोलावं लागलं नसतं, नुसतं उभं राहायचं होतं. संध्याकाळ झाली असती, लोक घरी गेले असते, फलक राहिले असते आणि भावाचा रस्ता गेला असता.

ती भावाकडे बघत होती. मग मावशीकडे. मावशीनं नजर वळवली. मग ती आपल्याच चेहऱ्यांच्या ओळीकडे बघत राहिली आणि तिचा पाय माझ्या डोक्यावर घट्ट दाबला गेला, गाडीत ब्रेक दाबावा तसा.

“धाकट्या,” ती म्हणाली, “तिकडे नको. इथे खण.”

तिनं पाय उचलला.

“वहिनी, अहो काय करताय?” दीर धावत आला. “आपली निम्मी निवडणूक आहे ही.”

“माहीत आहे, भाऊजी.”

फूटपट्टीनं पहार टाकून दिली आणि हातानंच वेल ओढला, माती उकरली. इतक्या वर्षांनी माझ्या डोक्याला वारा लागला. त्यानं माझ्या कपाळावरची माती पुसली, खात्याची खूण दिसली. डॉक्टर वाकून बघत होता. “हाच कशावरून? हलवलेला असेल कोणी.”

फूटपट्टीनं मला दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवायचा प्रयत्न केला. मी हललो नाही. मुकादमानं उगीच का दोनदा काढून पुन्हा बसवलं होतं मला. मग त्यानं ओळंबा लावला. दोरी माझ्या अंगाला समांतर सरळ खाली उतरली. टोळीतली माणसं एकमेकांकडे बघू लागली आणि माझी छाती, असती तर, फुगली असती.

“ह्याचा डावा कोपरा बघ,” ब्रेकताई म्हणाली. “टवका उडालाय. तो मी उडवलाय. बाबा म्हणाले होते, हरवला तरी ओळखू येईल.”

फूटपट्टीनं त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, अगदी बापासारखा. मग नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाला, “ताई, तुझे सगळे फलक आत आहेत.”

“मग काढ ना. की मीच सुरुवात करू?” आणि तिनं खरंच सुरुवात केली. पहिला फलक तिनं स्वतः उपटला, आपल्या चेहऱ्यासकट आडवा पाडला. दीर थोडा वेळ रुसून उभा राहिला, मग तोही आला.

डॉक्टर म्हणाला, “न्याय झाला.” फूटपट्टी माझ्यापाशी उभा राहून पुढे नजर लावत होता. “अजून नाही झाला,” तो म्हणाला. “हा दगड धरला तर वळणापुढचे तुमचे दोन फलकही आत येतात.” डॉक्टरचे दात पुन्हा झाकले गेले. मी एकाच्या बाजूनं कधी बोलत नाही.

ब्रेकताई मावशीपाशी गेली. “मावशी, त्या दिवशी चूक तुमची नव्हती. तुम्ही बरोबर बघितलं होतं. दिसत नव्हतं, आणि ते माझ्यामुळे. मी तुमच्यावर ओरडले.”

मावशी म्हणाली, “ओरडलीस म्हणून नाही आले गं. मला वाटलं, माझं वय झालं.”

“उद्या सकाळी या.”

फलक पुन्हा लावले ते माझ्या पलीकडे, कलमांच्या मागे. कुठे तिचा अर्धा चेहरा दिसायचा, कुठे नुसतं चाक. येणारेजाणारे काही वाचू शकत नव्हते. निकालाच्या दिवशी मिरवणूक माझ्यासमोरून गेली, ढोल वाजत होते, गुलाल उडत होता. गाडीवर डॉक्टर उभा होता, सगळे दात दाखवत. थोडक्या मतांनी आला, असं लोक बोलत होते. मला वाईट वाटलं. दगडाला वाईट वाटत नाही असं म्हणणाऱ्यांनी कधी दगड होऊन बघितलेलं नाही.

त्याच संध्याकाळी बहीणभाऊ आले. डॉक्टरचे फलक अजून सगळीकडे लटकत होते, हिचे आधी उतरले. फूटपट्टीनं चुन्याची बादली आणली होती. त्यानं मला दोन हात चुना लावला. वाळेपर्यंत दोघं बोलत बसली आणि मग ब्रेकताई माझ्या डोक्यावर बसली. आता ती जड झाली आहे, मी तक्रार करत नाही.

“ताई,” तो म्हणाला, “तू त्या दिवशी बोलली नसतीस तर?”

“तर आज त्या गाडीवर मी असते.” ती म्हणाली. “आणि तू रस्त्याच्या कडेला तोंड फिरवून उभा असतास.”

तेवढ्यात गल्लीतून गाडी आली. मावशी एकटी होती, मागच्या सीटवर कुंड्या भरलेल्या. परवाना मिळाल्यापासून ती पहिल्यांदाच एकटी निघाली होती. गाडी रस्त्याच्या तोंडाशी थांबली. मावशीनं वळणाकडे मान वळवली. मोकळं होतं, अगदी टोकापर्यंत. लांबून मालमोटार येत होती. माझ्यावर बसलेल्या ब्रेकताईचा उजवा पाय सवयीनं जमिनीवर दाबला गेला.

मावशी थांबली होती. तिनं मालमोटार जाऊ दिली, पुन्हा बघितलं आणि सावकाश वळून निघून गेली. जाताना तिनं हॉर्न वाजवला. ब्रेकताईनं पाय उचलला.

“दिसतंय तिला,” ती म्हणाली.

आज मी जमिनीवर आहे, पांढरा आहे आणि ओळंब्यात आहे. मावशीनं आपले गोटे उचलून आत कुंड्यांभोवती लावले, तिथे ते शोभतात. डॉक्टर आता नगरसभेत बसतो, आणि परवा इथून जाताना गाडी थांबवून त्यानं माझ्याकडे बघितलं, का ते त्यालाच माहीत.

पुढची निवडणूक येईल. तुमच्यापैकी कोणी उभं राहील, कोणी फलक घेऊन येईल. या, मला आनंद आहे. माझ्यावर बसा, खडा काढा, भांडायचं तर भांडा. फक्त फलक रोवण्याआधी गवत बाजूला करून मला शोधा. सापडलो नाही तर आणखी शोधा. मी हललेलो नसेन. माझ्या पलीकडे तुमचा चेहरा हवा तेवढा मोठा लावा. अलीकडची ही रिकामी दिसणारी जागा तेवढी तशीच राहू द्या, तिच्यातून कोणीतरी वळणापलीकडे बघत असतं.